रस्त्यांवरचे कॅमेरे: कोणते कामाचे, कोणते शोभेचे

माझं काम ट्रकच्या डिस्पॅचचं, म्हणजे ड्रायव्हरला फोनवरून वाट आणि रस्त्याची खबर देण्याचं. ट्रक उत्तर अमेरिकेतल्या महामार्गांवर पळतात आणि मी रात्रपाळीत हेडफोन लावून दुसऱ्याच खंडात बसलेली असते. ड्रायव्हर घाट चढायच्या आधी ट्रक स्टॉपवर थांबतो, फोन करतो आणि विचारतो, "वर काय आहे?" हवामानाचा अंदाज त्याच्याही फोनवर असतो, तो मी वाचून दाखवण्यात काही अर्थ नाही. त्याला आत्ताचं हवं असतं. त्यामुळे रस्ते खात्यांचे लाइव्ह कॅमेरे हे माझं रोजचं हत्यार आहे, आणि रोज वापरते म्हणून त्यांच्याबद्दल परखड लिहायचा हक्क आहे असं मी धरून चालते.

निकाल आधीच सांगून टाकते. रस्त्याची स्थिती बघायला मला हलणारा व्हिडिओ नको असतो. वेळ छापलेला स्थिर फोटो, बाजूला तापमान आणि वाऱ्याचे आकडे, आणि मागच्या काही तासांचे फोटो बघायची सोय, एवढं ज्या सेवेत आहे ती उत्तम. बाकी सगळं शोभेचं.

आमच्या डिस्पॅचच्या टेबलावर नवीन आलेली मुलं याला नाक मुरडतात. बऱ्याच खात्यांचे कॅमेरे "लाइव्ह" म्हणवतात, पण प्रत्यक्षात दोन, पाच किंवा दहा मिनिटांनी एक फोटो टाकतात. मुलांना वाटतं, ही कसली जुनाट सेवा. पण विचार करा, व्हिडिओत मला काय दिसणार? अर्धा मिनिट गाड्या जाताना. रांग सरकते आहे की ठप्प आहे एवढं त्यातून कळतं, ते मान्य. पण रस्ता पांढरा आहे, काळा आहे की ओला, किती लांबचं दिसतंय, तासाभरापूर्वी हेच कसं होतं आणि पाचशे फूट वर गेल्यावर कसं आहे, हे माझे खरे प्रश्न. त्यांना व्हिडिओ काही जास्तीचं उत्तर देत नाही, उलट लोड व्हायला वेळ खातो. डोंगरात एक-दोन काड्यांच्या नेटवर्कवर बसलेल्या ड्रायव्हरकडे फोटो पटकन उघडतो. व्हिडिओचं चक्र मात्र फिरत राहतं.

शिकायचं असेल तर वॉशिंग्टन राज्याच्या परिवहन खात्याचं घाटांचं पान उघडा. सिॲटलहून पूर्वेला जाणारा आय-९० महामार्ग स्नोक्वाल्मी घाटातून जातो. घाटाची उंची ३,०२२ फूट, म्हणजे डोंगराच्या मानाने बुटकाच. आणि तीच त्याची भानगड आहे. हिवाळ्यात पाऊस आणि बर्फ यांची सीमारेषा बहुतेक वेळा याच उंचीच्या आसपास वरखाली होत असते. पायथ्याला पाऊस, माथ्यावर बर्फ, आणि दोन तासांनी दोन्हीकडे चिखल. तापमानाचा एक आकडा सांगून इथे भागत नाही.

या पानावर घाटाचं तापमान, रस्त्याच्या स्थितीबद्दल एकदोन वाक्यं, आणि पूर्वेकडे जाणाऱ्यांसाठी व पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी वेगवेगळे निर्बंध दिलेले असतात. १०,००० पौंडांवरच्या वाहनांना चेन (बर्फात पकड यावी म्हणून चाकांवर चढवायच्या साखळ्या) सक्तीच्या झाल्या की ते इथे स्पष्ट येतं, आणि माझ्या दृष्टीने तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण आमचे सगळे ट्रक त्यात येतात. याच रस्त्याचे कॅमेरे मी एकाखाली एक लावून ठेवलेत: नॉर्थ बेंड, मग डेनी क्रीक, फ्रँकलिन फॉल्स, माथा, पलीकडे उतरताना हायॅक आणि पुढे ईस्टनची बाजू. पश्चिमेकडून चढायला लागलं की ट्रक ज्या क्रमाने जाणार त्याच क्रमाने मी चित्रं बघते. नॉर्थ बेंडला रस्ता नुसता ओला, डेनी क्रीकला कडेला राखाडी, अर्धवट वितळलेला बर्फ, फ्रँकलिन फॉल्सला चाकांच्या दोन काळ्या पट्ट्या आणि मध्ये पांढरं. बर्फाची रेघ कुठे आहे ते समजलं. ड्रायव्हरला मग "वर बर्फ आहे" असं मोघम सांगावं लागत नाही. "डेनी क्रीकच्या वर बर्फ लागेल, चेन खालीच घाल" असं सांगता येतं.

या घाटात अजून एक गंमत शिकायला मिळते. कधीकधी भर दुपारी माथ्याच्या कॅमेऱ्यात रस्ता रिकामा, स्वच्छ, एकही गाडी नाही. अननुभवी माणूस म्हणेल, वा, मोकळा रस्ता! आय-९० सारख्या रस्त्यावर भर दुपारी एकही गाडी नसणं ही सगळ्यात वाईट खूण आहे. हिमकडे कोसळायचा धोका असला की खातं रस्ता बंद ठेवून स्फोट करून साठलेला बर्फ मुद्दाम पाडतं, आणि तेवढा वेळ दोन्हीकडे गाड्या अडवलेल्या असतात. म्हणून एकच कॅमेरा बघून कधीच थांबायचं नाही. रिकामा रस्ता दिसला की त्याच्या खालचा आणि पलीकडचा कॅमेरा उघडायचा. तिथे रांगा दिसल्या तर विषय संपला.

आता फोटो वाचायचा कसा, यावर थोडं जास्त लिहिते, कारण सेवा कितीही चांगली असली तरी ही नजर नसेल तर उपयोग शून्य.

पहिली नजर वेळेवर. फोटोच्या कोपऱ्यात छापलेली वेळ, पानावर लिहिलेली नव्हे. पानावर "आत्ताच अपडेट" असं काहीही असू शकतं, पण फोटो पहाटेचा असतो. कॅमेरा गोठला की बऱ्याच साइट शेवटचा फोटो तसाच दाखवत राहतात. ब्राउझरही कधीकधी जुनं चित्रच पुढे करतो, म्हणून पान रिफ्रेश करून वेळ बदलते का ते बघायचं. आणि वेळ कुठली, तेही बघायचं. ॲरिझोना राज्य, नाव्हाहो नेशन हा तिथल्या मूळ रहिवाशांचा प्रदेश सोडला तर, उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाही. शेजारची राज्यं करतात. तेव्हा काही ठिकाणी सीमेच्या दोन बाजूंचे दोन ताजे फोटो एकमेकांपासून तासाचं अंतर दाखवतात आणि आपण उगाच समजतो की एक शिळा आहे.

दुसरी नजर डांबरावर. दिवसा ओला रस्ता गडद आणि चकचकीत दिसतो, एवढं सगळ्यांना कळतं. रात्री खरी कसोटी. ओल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या दिव्यांचे लांबच लांब उभे पट्टे उमटतात. कोरड्या रस्त्यावर दिव्यांभोवती आखूड उजेड असतो, बस. बर्फ असेल तर पूर्ण चित्र उजळ दिसतं, कारण सगळीकडून प्रकाश परततो. चाकांच्या पट्ट्या काळ्या असतील तर वाहतूक चालू आहे आणि बर्फ फार जाड नाही. पट्ट्याही पांढऱ्या असतील तर बर्फ दाबून घट्ट झालेला आहे, आणि ते वाईट. मधली लेन काळी पण बाहेरची पांढरी असेल तर बर्फ सारणारा नांगर एकदाच फिरून गेलाय.

धुक्यासाठी मी खांब मोजते. प्रत्येक कॅमेऱ्याचं मोकळ्या हवेतलं चित्र माझ्या डोळ्यात बसलेलं आहे: अमुक ठिकाणी सहा दिव्यांचे खांब दिसतात, मागे हिरवी पाटी, तिच्या मागे डोंगराची कड. त्यातले दोनच खांब उरले की ड्रायव्हरला कळवायचं. नवीन माणसाने हे करायचं असेल तर चांगल्या हवेत आपल्या रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांचा एकेक फोटो सेव्ह करून ठेवावा. तुलना करायला मूळ चित्र लागतं.

आणि रांगांबद्दल सावध. लांबचं जवळ आणणारी लेन्स असली की गाड्या एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. चित्रात ठार जाम, प्रत्यक्षात सगळे व्यवस्थित अंतर ठेवून वेगात चाललेत. अशा वेळी ब्रेकचे लाल दिवे बघायचे. सगळे लाल असतील तर जाम खरा.

जे दिसत नाही त्याची यादी लांब आहे. डांबरावरचा पातळ, पारदर्शक बर्फ कॅमेऱ्यात ओल्या रस्त्यासारखाच दिसतो. तिथे फक्त आकडा कामाला येतो, आणि तोसुद्धा हवेचा नव्हे, रस्त्याच्या पृष्ठभागाचा. स्वच्छ रात्री रस्ता हवेपेक्षा जास्त थंड होतो. हवा शून्याच्या वर दोन अंश आणि डांबर शून्याच्या खाली, असं सर्रास असतं. पुलावर खालूनही हवा लागते, म्हणून तिथे आधी गोठतं. रस्त्याकडेच्या हवामान केंद्रांमध्ये डांबरात बसवलेला सेन्सर असतो, आणि ज्या सेवा त्याचा आकडा फोटोशेजारी दाखवतात त्यांना माझ्याकडून सरळ एक तारा जास्त.

वारा तर दिसतच नाही. यावरून आमच्याकडे मागच्या हिवाळ्यात झालेला संवाद सांगते. वायोमिंगमधला आय-८०, लॅरमी ते रॉलिन्सचा पट्टा. टेबलावर नवा मुलगा. त्याने एल्क माउंटनजवळचा कॅमेरा उघडला आणि माझ्याकडे वळला.

"ताई, निळं आकाश आहे. रस्ता कोरडा ठणठणीत. आणि हे म्हणतायत बंद?"

"सगळ्यांना बंद?"

"नाही. हलक्या आणि उंच वाहनांना."

"आपला ट्रेलर भरलेला आहे की रिकामा?"

त्याने लोडचा कागद बघितला. "रिकामा परत चाललाय."

"मग आपणच ते हलकं आणि उंच वाहन. थांबव त्याला."

"पण चित्रात तर काहीच नाहीये हो."

मी त्याला फोटोचा खालचा भाग मोठा करून दाखवला. डांबरावरून, गुडघ्याएवढ्या उंचीवर, कडेच्या शेतातला सुटा बर्फ आडवा वाहत होता. वर ऊन, खाली साप सरपटत रस्ता ओलांडावेत तसे पांढरे पट्टे. असे पट्टे दिसले की वारा जोरात आहे आणि रस्त्याला आडवा आहे, एवढं तरी कळतं. जमिनीवर सुटा बर्फ नसता तर तेही कळलं नसतं. रिकामा ट्रेलर म्हणजे चाकांवर उभी केलेली भिंत. तिला आडवं करायला बर्फ लागत नाही, वारा पुरतो. वायोमिंगचं खातं अशा वेळी ट्रक उलटण्याचा धोका वेगळा जाहीर करतं, आणि त्या सूचनेपुढे फोटोला काडीची किंमत द्यायची नाही.

जाता जाता: हा पट्टा १९७० मध्ये सुरू झाला. जुना रस्ता उत्तरेकडून मेडिसिन बो गावावरून वळसा घालून जायचा. नवा महामार्ग जवळचा म्हणून डोंगराच्या कुशीतून काढला, आणि तेव्हापासून तो वाऱ्याबर्फासाठी बदनाम आहे. ट्रकवाले त्याला "स्नो ची मिन्ह ट्रेल" म्हणतात. त्यावर भरपूर कॅमेरे आहेत, आणि खात्याची साइट दिसायला साधी असली तरी कामाची आहे. बंद रस्ता साधारण केव्हा उघडेल याचा अंदाजही देतात. चुकला तरी तो अंदाज मला लागतोच, कारण ड्रायव्हरचे कामाचे तास मोजलेले असतात.

क्विकमॅप या कॅलिफोर्नियाच्या रस्ते खात्याच्या नकाशाचंही नाव घ्यायला हवं. आय-८० डॉनर समिट ओलांडतो तिथे उंची ७,२३९ फूट, म्हणजे स्नोक्वाल्मीच्या दुपटीहून जास्त. तिथे चेनचे तीन टप्पे आहेत: आर-१, आर-२ आणि आर-३. आर-३ म्हणजे कुणालाही सूट नाही, पण तिथवर गोष्ट गेली की बहुतेक वेळा रस्ताच बंद होतो. नकाशावर चेनची ठिकाणं, कॅमेरे, अपघात सगळं एकाच वेळी दिसतं. माझ्या मते जरा जास्तच दिसतं. नको ते थर बंद केल्याशिवाय बोट कुठे ठेवायचं कळत नाही.

माझे ट्रक जिथे जात नाहीत तिथलेही कॅमेरे मी बघते. रात्रपाळीत फोन शांत असतो तेव्हा कुणी रील बघतं, मी आइसलँडचे रस्ते बघते. आणि प्रामाणिक मत विचाराल तर जगातली सगळ्यात शहाणी मांडणी तिथलीच. रस्ते खात्याच्या नकाशावर प्रत्येक तुकड्याला स्थितीप्रमाणे रंग, केंद्रावर वाऱ्याचा वेग, झुळुकींचा वेग आणि तापमान, आणि शेजारी त्या ठिकाणाहून किती गाड्या गेल्या याचा आकडा. हा शेवटचा आकडा मला फार आवडतो. रेकयाविकच्या पूर्वेला रिंग रोड, म्हणजे देशाला वळसा घालणारा मुख्य रस्ता, हेलिशेइदी नावाच्या पठारावरून जातो. तिथल्या कॅमेऱ्यात रात्री काळोख आणि उडणारा बर्फ यापलीकडे काही दिसत नसलं तरी गाड्यांचा आकडा वाढत असेल तर लोक जाताहेत, थांबला असेल तर कुणीच जात नाहीये. फोटो आंधळा झाला तरी आकडा बोलतो. शिवाय तिथे घड्याळं बदलत नाहीत, वर्षभर एकच वेळ. माझ्यासारखीला तेवढंच सुख.

फिनलंडची गोष्ट थोडी वेगळी. तिथल्या एका खांबावरचा कॅमेरा ठरलेल्या दिशांना आळीपाळीने वळतो: एकदा या बाजूचा रस्ता, एकदा त्या बाजूचा, आणि बऱ्याच ठिकाणी एकदा सरळ खाली डांबराकडे. खाली डांबराकडे! हे कुणाला तरी सुचलं याचं मला कौतुक वाटतं. क्षितिजाचं सुंदर चित्र पर्यटकाला हवं असतं, मला खालचं दोन मीटर डांबर हवं असतं. फोटो साधारण दहा मिनिटांनी येतात, मागच्या चोवीस तासांचे फोटोही मिळतात, आणि हा सगळा डेटा डिजिट्रॅफिक या नावाने खुला आहे. कुणीही घेऊन स्वतःचं पान बनवू शकतं. प्रोग्रामिंग येणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने सहज म्हणून तसं एक पान केलंही, आणि ते कित्येक विकतच्या ॲपपेक्षा बरं चालतं.

मागचे फोटो बघायची सोय कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या ड्राइव्हबीसी या साइटवरही आहे. पूर्ण दिवस भराभर फिरवून बघता येतो. कोकिहाला महामार्गाचा माथा १,२४४ मीटर. तिथे सकाळपासून बर्फ वाढतोय की नांगर जिंकतोय, हे एका फोटोत कळत नाही. पूर्ण दिवस फिरवला की कळतं. पण कॅमेऱ्यांची मर्यादाही याच रस्त्याने दाखवली. नोव्हेंबर २०२१ च्या अतिवृष्टीत कोकिहालाचे पूल आणि रस्त्याचे मोठाले तुकडे वाहून गेले, आणि ट्रकसाठी रस्ता उघडायला २० डिसेंबर उजाडला. कॅमेरा एका ठिकाणी उभा असतो. रस्ता दोन कॅमेऱ्यांच्या मध्ये तुटला तर दोन्ही चित्रांत सगळं आलबेल दिसू शकतं. म्हणून फोटोच्या आधी बंद रस्त्यांची यादी, नेहमी.

शहरांचे कॅमेरे मी कमी वापरते, तेव्हा थोडक्यात. हाँगकाँगचं वाहतूक खातं दर दोन मिनिटांनी छोटे फोटो टाकतं, पुरेसे आहेत. लंडनमधले जॅमकॅम काही सेकंदांची क्लिप देतात. चौकात सिग्नल सुटल्यावर रांग किती हलते ते त्यात दिसतं, आणि शहरात प्रश्न तोच असल्यामुळे इथे हलतं चित्र खरंच उपयोगाचं. सिंगापूरचे वुडलँड्स आणि तुआस या दोन तपासणी नाक्यांचे कॅमेरे मात्र नमुनेदार. मलेशियात जायला हे दोनच पूल, १९२४ चा कॉजवे आणि १९९८ चा सेकंड लिंक, आणि दोन्हींच्या रांगा घरबसल्या शेजारीशेजारी दिसतात. निर्णय एकच घ्यायचा असतो, या पुलाने की त्या, आणि तेवढ्यापुरतं यापेक्षा जास्त काही नको.

तक्रारी. एक ॲप आहे, नाव घेत नाही, जगभरच्या खात्यांचे कॅमेरे एकत्र करून दाखवतं. दिसायला झक्कास. पण त्यात फोटोच्या कोपऱ्यातली वेळ कापून टाकलेली असते, कारण चौकोनी खिडकीत चित्र बसवायचं म्हणून कडा छाटतात. वर स्वतःचा "लाइव्ह" असा लाल ठिपका लावतात. मी त्यातलं एक चित्र खात्याच्या मूळ पानाशी ताडून बघितलं, तर ॲपमध्ये ऊन आणि मूळ पानावर अंधार. सूर्य मावळून गेल्यावरही यांचा कॅमेरा दुपार दाखवत होता. आणि यातला जाहिराती बंद करायचा पर्याय पैसे मागतो! तीच चित्रं, ताजी आणि वेळेसकट, खात्याच्या साइटवर फुकट आहेत.

खात्यांबद्दलही बोलायचंय. कॅमेऱ्याच्या नावात उंची का लिहीत नाहीत हे? रस्त्याचा क्रमांक असतो, मैलाचा दगड असतो, पण ज्या एका गोष्टीवर पाऊस की बर्फ हे ठरतं ती अनेक ठिकाणी मला नकाशावरून शोधावी लागते. दिशेचंही तसंच. "पूर्वेकडे" म्हणजे कॅमेरा पूर्वेकडे बघतोय, की चित्रातली वाहतूक पूर्वेकडे चाललीय? अपघात झाला की नियंत्रण कक्षातली माणसं कॅमेरा तिकडे फिरवतात, हे त्यांचं काम आहे, पण नाव जुन्याच दिशेचं राहतं. काही खाती गंभीर अपघातात लोकांसाठीचं चित्र बंदच करतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, जखमी माणसाला कुणी तमाशासारखं बघू नये. फक्त "उपलब्ध नाही" असं लिहून सोडू नका, रस्ता बंद आहे की कॅमेरा, एवढं सांगा.

कोळ्यांबद्दल काही करता येईल असं वाटत नाही. रात्री कॅमेऱ्याच्या दिव्याला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि लेन्ससमोर जाळं विणतो. मग पहाटेपर्यंत चित्रात पांढऱ्या दोऱ्या डोलत राहतात. नवखे त्याला बर्फ समजतात. ऑगस्टमध्ये बर्फ दिसला तर कोळी धरून चाला.

लोक विचारतात, गूगल मॅप्सवर लाल-हिरवं दिसतंच ना, मग हा खटाटोप कशाला? तो रंग फोनच्या हालचालीवरून काढलेला वेग असतो. शहरात तो कॅमेऱ्यापेक्षा चांगला, मी स्वतः तोच बघते. पण लाल का आहे ते तो सांगत नाही. बर्फ आहे, अपघात आहे की चेनसाठी अडवलंय, प्रत्येकाला माझं उत्तर वेगळं असतं. आणि निर्जन रस्त्यावर रात्री दोनचार फोनही जात नसले तर रंग कशावरून काढणार? तिथे माझा भरवसा खांबावरच्या त्या धुरकट फोटोवर.

सुरुवात करणाऱ्याला मांडणी सांगते. अमेरिकेत आणि कॅनडाच्या बऱ्याच भागांत ५११ हे रस्त्यांच्या माहितीचं नाव आणि नंबर आहे. अमेरिकेत तो २००० साली त्यासाठी राखून ठेवला गेला. राज्याचं नाव आणि ५११ असं शोधलं की बहुतेक ठिकाणी मूळ पान सापडतं. ओरेगॉनसारखा अपवाद आहे, तिथे ट्रिपचेक. ठरलेल्या रस्त्याचे कॅमेरे बुकमार्कच्या एका फोल्डरमध्ये, गाडी जाईल त्या क्रमाने ठेवा, आणि सगळ्यात वर बंद रस्त्यांची यादी. नावात स्वतः उंची घाला, खातं घालत नाही तर नाही. मग एका क्लिकवर पूर्ण फोल्डर उघडायचा आणि डावीकडून उजवीकडे टॅब बघत जायचं. हे सगळं गाडी उभी असताना, किंवा दुसऱ्या कुणीतरी. आमच्या टेबलावर नियम आहे: ड्रायव्हर चालवत असताना आम्ही त्याला लिंक पाठवत नाही, तो थांबल्यावर फोन करतो आणि तोंडी सांगतो.

तारे द्यायचेच तर घाटांसाठी आइसलँडला पाच, फिनलंडला पाच, वॉशिंग्टनला साडेचार. अर्धा तारा मागच्या फोटोंसाठी राखून ठेवलाय. वायोमिंगला चार, क्विकमॅपला साडेतीन. ड्राइव्हबीसीला साडेचार. त्या लाल ठिपक्याच्या ॲपला एक, तोही रंगसंगतीसाठी.